सत्यवानाच्या तीन आरोळ्या

आमच्या वाडीत सकाळी घड्याळ कुणी बघत नाही. सात वाजले की ते सत्यवान सांगतो.

"चढतंय होऽऽऽ! सत्यवान आसंय! बांधावयल्या माडार चढतंय होऽऽऽ!"

ही पहिली आरोळी. मग दुसरी. मग तिसरी. त्यानंतर तो माडाच्या बुंध्याशी उकिडवा बसून एक ते शंभर आकडे म्हणतो, तेही मोठ्याने. चौऱ्याहत्तरनंतर शहात्तर म्हणतो. सातवीत असतानाही हेच म्हणायचा. मी त्याला पंच्याहत्तर शिकवायचा प्रयत्न वर्षभर केला आणि शेवटी सोडून दिला. एकतीस वर्षं मराठी आणि भूगोल शिकवून मी निवृत्त झाले ती पोरांचा गोंगाट आता ऐकायला लागणार नाही या आनंदात, आणि नशिबी आला हा भोंगा. वाडीत त्याला 'भोंगो' असंच म्हणतात.

सत्यवान पाडेली आहे. माडावर चढून नारळ पाडणं हा त्याच्या घराण्याचा धंदा. आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक पाडेल्याला चढण्याआधी आरोळी द्यावीच लागते. आमच्याकडच्या न्हाण्या पूर्वापार उघड्या. चार बाजूंनी चिऱ्याच्या भिंती, कोपऱ्यात पाणी तापवायची चूल, आणि धूर जायला म्हणून वर नुसतं आभाळ. जमिनीवरून काही दिसत नाही, पण माडाच्या शेंड्यावरून चार घरांच्या न्हाण्या दिसतात. म्हणून पाडेली खालून ओरडतो. कुणी बाई अंघोळीला बसलेली असेल तर ती आतून "आसंय!", म्हणजे 'आहे मी', असं म्हणते, आणि मग पाडेली मुकाट्याने दुसऱ्या माडाकडे जातो. जबाब आला नाही तर न्हाणी रिकामी असं समजून चढतो. हा कायदा कुठे लिहिलेला नाही. माझ्या आजेसासूच्या काळापासून तो पाळला गेला, आणि मोडला तो माझ्या विद्यार्थ्याने.

काय झालं ते सरळच सांगते. सत्यवान तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. वाडीतल्याच हरिश्चंद्राच्या बागेतल्या कोपऱ्यातल्या माडावर तो आरोळी न देता चढला आणि शेजारच्या रसिकाला अंघोळ करताना वरून बघत बसला. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी बादलीतल्या पाण्यात तिला त्याचं प्रतिबिंब दिसलं. रसिका ओरडली नाही, रडली नाही. तिने कपडे केले, घराला कुलूप लावलं आणि रिक्षा करून थेट पोलीस ठाणं गाठलं.

वाडीला वाईट वाटलं ते रसिकाने तक्रार केली याचं. "माडार चढणाऱ्याची नजर जातलीच," असं म्हणणारे पुरुष होते. तसं म्हणणाऱ्या बायका त्याहून जास्त होत्या. रसिकाचा नवरा सुशांत बोटीवर, नऊ-नऊ महिने समुद्रात. तेव्हा तिला शहाणपण शिकवायला सगळे मोकळे. त्यात मीही होते. मी तिच्या पडवीत बसून, चहा पिऊन, शाळेतल्याच आवाजात तिला सांगितलं, "न्हाणीवर एक पत्रा टाकून घे गो. विषय संपेल."

रसिकाने कप उचलला आणि म्हणाली, "बाईनू, नजर तेची वायट, आणि छप्पर मी घालू?"

मी घरी आले. त्या दिवशी जेवले नाही. एकतीस वर्षं मी मुलींना निबंधात 'स्त्री ही अबला नाही' असं लिहायला लावलं, आणि वेळ आली तेव्हा पत्रा सुचवला. पण तिची माफी मागायला मात्र माझे पाय उचलले नाहीत. रसिकाने पत्रा टाकला नाही. तिची न्हाणी आजही उघडी आहे.

सत्यवानाला एक वर्षाची सजा झाली. सुटल्यावर त्याने सहा महिने वैभववाडीत काजूच्या बियांची पोती उचलली, आणि एके दिवशी पिशवी घेऊन वाडीत परत आला. त्याची आई सुगंधा अंगणात भात वाळवत होती. मूळची वालावलची, पावणेपाच फुटांची बाई. पण तिच्यापुढे तिचा नवरासुद्धा घास हळू चावायचा. तिने मुलाला अंगणातच उभं केलं आणि तांब्याभर पाणी देण्याआधी विचारलं, "आता काय करतलंस?"

"माड."

"कोण चढूक देतला तुका?"

"ओरडान चढतलंय."

सुगंधा आत गेली आणि मेलेल्या गायीच्या गळ्यातली पितळी घंटा घेऊन आली. ती तिने त्याच्या कमरेला, कोयता अडकवायच्या आकडीशेजारी बांधली. "ही काढलंस तर माझ्या दारात येव नको," म्हणाली, आणि मग पेज वाढली.

घंटेची गंमत अशी की ती पाडेल्याच्या कमरेला आहे हे गायींना कुणी सांगितलं नव्हतं. पहिले काही दिवस सत्यवान पुढे आणि मागे चार-पाच गायी अशी वरात निघायची. तो माडावर चढला की त्या खाली उभ्या राहून वर बघायच्या. हरिश्चंद्र म्हणाला, "एकाक बघल्याची सजा, आता सगळी गुरां तेका बघतत."

हळूहळू लोकांनी कामं दिली. दया म्हणून नाही. दुसरे दोन्ही पाडेली गोव्यात हॉटेलात लागले होते, आणि यंत्राने चढायचं प्रशिक्षण घेऊन आलेला एक पोरगा अर्ध्या माडावर अडकून दीड तास देवाचा धावा करत होता. नारळ पिकायचे थांबत नाहीत. पण सत्यवानाची आरोळी दिवसेंदिवस वाढत गेली. आधी नुसतं "चढतंय" होतं. मग नाव जोडलं. मग माडाचा पत्ता. मग ती सवय खाली उतरली. वाण्याच्या दुकानात शिरताना "येतंय होऽ!" बँकेत शिरताना "सत्यवान आसंय!" बँकेतला परप्रांतीय शिपाई पहिल्यांदा दरोडा समजून टेबलाखाली गेला. मतदानाच्या दिवशी पडद्याआड जाताना त्याने तीन आरोळ्या दिल्या आणि शंभरपर्यंत मोजायला सुरुवात केली. रांगेतला प्रत्येक माणूस पंच्याहत्तर चुकवण्याची वाट बघत होता.

फक्त एका माडावर तो कधी चढला नाही. हरिश्चंद्राच्या कोपऱ्यातला, तोच. दर महिन्याला तो त्या माडाखाली जातो, तीन आरोळ्या देतो, शंभर मोजतो आणि परत येतो. इतर माडांखाली जबाब आला नाही तर चढायचं. या माडाचा नियम त्याने आपला आपणच उलटा केला आहे: न्हाणीतून 'चढ' असा जबाब येत नाही तोवर चढायचं नाही. आणि रसिकाने सात वर्षांत एकदाही जबाब दिलेला नव्हता. ती आत असली तरी गप्प, नसली तर प्रश्नच नाही. तिला द्यायचा नव्हता, तिने दिला नाही. आणि तिने तो द्यावा असं म्हणायचा हक्क कुणालाच नव्हता, सत्यवानालाही. तेवढं त्याला कळत होतं. हरिश्चंद्राला कळत नव्हतं. त्या माडाचे सुके नारळ त्याच्या गोठ्याच्या कौलांवर पडतात, म्हणून तो स्वतःच्या बागेत मोटारसायकलचं हेल्मेट घालून फिरतो.

गेल्या डिसेंबरात माझ्या घरी तन्वी नावाची मुलगी राहायला आली. मी दोन खोल्या पर्यटकांना देते, पण ही पर्यटक नव्हती. मुंबईच्या एका संस्थेत ती गुन्हेशास्त्रात संशोधन करत होती. विषय ऐकून माझ्या हातातला डाव आमटीत पडला. लैंगिक गुन्हे केलेले लोक ते करायचे कसे थांबतात, हा तिचा अभ्यास, आणि त्यासाठी तिला सत्यवानाला भेटायचं होतं.

"थांबतात?" मी विचारलं.

"बरेच जण थांबतात, बाई. सजा भोगून आलेल्यांपैकी पुष्कळजण तोच गुन्हा पुन्हा करताना सापडत नाहीत, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण ते का करतात यावर ढीगभर पुस्तकं आहेत, आणि का थांबतात हे त्यांना नीट कुणी विचारलेलंच नाही."

हे ऐकून बरं वाटून घ्यावं की संताप करावा, मला कळेना. मी दोन्ही थोडं थोडं केलं आणि तिला आणखी एक भाकरी वाढली.

तन्वीची तयारी जय्यत होती. चौसष्ट प्रश्न. नाव गुप्त; सत्यवानाचं नाव कागदावर फक्त 'स-सात'. मुलाखत बंद खोलीत, एकट्याची, कुणाच्या कानावर न जाता. मी म्हटलं, "बघ बाई, जमतंय का."

ठरल्या वेळी पाणंदीतून घंटा वाजायला लागली. मग आरोळी आली. "बाईंच्या घराक येतंय होऽऽऽ! सत्यवान आसंय! मुंबयच्या बायेक मुलाखत देऊक येतंय होऽऽऽ!"

तन्वीने 'नाव गुप्त राहील' असं छापलेला कागद हळूच फाईलमध्ये घातला.

तिने तरी त्याला आतल्या खोलीत बसायला सांगितलं. सत्यवान उंबऱ्यावरच अडला. घामाघूम झाला.

"ताई, दार उघडा रवांदे."

"पण मग सगळे ऐकतील."

"ऐकांदेत. गुपचूप बसल्यार माका भीती वाटता. तेव्हा जा काय झाला ता गुपचूपच झाला हुता."

तन्वीने खुर्च्या पडवीत आणल्या. पाच मिनिटांत हरिश्चंद्र हेल्मेटसकट हजर झाला, सुगंधा वाटेवरच्या दगडावर येऊन बसली, आणि गुप्त मुलाखत सुरू झाली.

"तुमच्या आयुष्याला वळण कधी मिळालं असं वाटतं?"

"आवशीन घंटा बांधली तेव्हा."

"माझ्या गायची," सुगंधा दगडावरून म्हणाली. "ता पण लिव."

"नव्या गावात, जिथे कुणी ओळखत नाही तिथे, नवी सुरुवात करणं काहींना सोपं जातं. तुम्ही वैभववाडी सोडून परत का आलात?"

"थंय कोण वळखी नाय म्हणानच," सत्यवान म्हणाला. "थंय मी कोणाक ठावक नाय. माझ्यार कोणाचो कान नाय. एक दिवस इहिरीर बायो कपडे धुयत होत्यो आणि मी झाडाच्या आडसून चलतंय, असा माझा माकाच कळला. दुसऱ्या दिवशी गाडी धरलंय."

तन्वीने पुढचा प्रश्न हळू आवाजात वाचला. "गेल्या सहा महिन्यांत तुम्हाला कधी मोह झाला?"

"झालो."

"किती वेळा?"

"माडाखाली उभो रवतंय तितक्यो वेळा."

हरिश्चंद्राने हेल्मेट काढलं. मला वाटलं, मेल्याने आता सगळं घालवलं; पंच्याहत्तर येत नाही ते नाही, पण खोटं बोलायलाही येत नाही याला.

"मग तुम्ही काय करता?"

"बोंब मारतंय," सत्यवान म्हणाला, जणू हे विचारायचं काय होतं. "एकदा नाव घेऊन बोंब मारली काय मगे चोरान बघूक येयत नाय. सगळ्यांका ठावक, मी खंय आसंय ता."

हे सगळं चाललं असताना रसिका आली. ती माझा प्रेशर कुकर परत करायला आली होती. ती पायरीवर थांबली. सत्यवान खुर्चीतून उठला आणि पडवीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हे तो नेहमी करतो, रस्त्यावरसुद्धा. एकदा असाच ऐन बाजारात मासेवाल्या बाईच्या टोपलीकडे तोंड करून उभा राहिला आणि तिने त्याला दोन बांगडे विकले.

तन्वी गडबडली. तिने घाईघाईने आपण कोण, काय करतो ते रसिकाला सांगितलं. रसिकाने शांतपणे ऐकून घेतलं.

"किती प्रश्न आसत?"

"चौसष्ट."

"माझो एक तरी आसा त्यांत?"

तन्वीने खोटं बोलून बघितलं नाही. "नाही," म्हणाली.

"मगे मी सांगतंय, ता लिवा. तो सुधारलो काय नाय, माका ठावक नाय. तेच्या मनात काय आसा, ता तेचा तेका ठावक. पण सात वर्सां तो खंय आसा ता माका रोज सकाळी ठावक आसता. दार लावचा काय उघडा ठेवचा, ता मी ठरयतंय." तिने कुकर माझ्या हातात दिला. "शिटी नीट बसणा नाय हेची, बाईनू. बघून घेवा."

ती वळली आणि मला एकदम वाटलं, आता बोलले नाही तर मी या सत्यवानापेक्षाही वाईट. हातात कुकर धरूनच मी म्हटलं, "रसिका, तो पत्रा टाक म्हटलं, ते माझं चुकलं गो. फार चुकलं."

सगळ्या पडवीसमोर. माझे डोळे भरून आले आणि कुकर हातात असल्यामुळे पुसताही येईनात.

रसिका थांबली. "आठ वर्सां वाट बघतंय ह्याची," म्हणाली. मग थोडी हसली. "ह्या भोंग्यान सात वर्सां बोंब मारली, आणि तुम्ही बाजूक रवान गप. कोणी कोणाक शिकयल्यान?"

ती गेली. सुगंधा दगडावरून उठली, माझ्या हातातला कुकर घेतला आणि मला बसवलं.

तन्वीने मुलाखत पुढे नेली, पण तिचा आवाज बदलला होता. शेवटचा प्रश्न होता: तुम्ही थांबला आहात, असं तुम्हाला कशावरून वाटतं? उत्तरासाठी एक ते पाच आकड्यांचे रकाने.

"ता मी कसा सांगू, ताई? मी माझीच साक्ष काढू? उद्या महिनो भरता. त्या माडाखाली येवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तन्वी आणि मी हरिश्चंद्राच्या बागेत गेलो. हरिश्चंद्राने आम्हाला एकेक पातेलं दिलं, डोक्यावर धरायला. सत्यवान आला. पायांत सुंभाचा वेढा अडकवला, बुंध्याला हात लावून नमस्कार केला. कुंपणापलीकडून रसिकाच्या न्हाणीतला धूर वर चढत होता. तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

"चढतंय होऽऽऽ! सत्यवान आसंय! हरिश्चंद्राच्या कोनातल्या माडार चढतंय होऽऽऽ!"

पाण्याचा आवाज थांबला.

दुसरी आरोळी. तिसरी. मग तो उकिडवा बसला, न्हाणीकडे पाठ करून, आणि मोजायला लागला. पलीकडे शांतता. चौऱ्याहत्तर, शहात्तर. नव्व्याण्णव, शंभर. तो उठला, पायांतला वेढा काढायला वाकला. दर महिन्याला असंच होतं, तो काही वाईट वाटून घेत नाही. तन्वीने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली.

तेवढ्यात न्हाणीतून आवाज आला. मोठा, स्वच्छ, जरासुद्धा न थरथरणारा.

"आसंय रे मी! न्हातंय!"

आणि लगेच पाणी ओतल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. एक तांब्या, दुसरा तांब्या. घाई नाही. मग तिने काहीतरी गुणगुणायलाही सुरुवात केली.

सत्यवान वाकलेला तसाच राहिला. कमरेची घंटा वाजू नये म्हणून त्याने ती मुठीत घट्ट धरली होती. सात वर्षांत ती घंटा त्याने गप्प केलेली मी पहिल्यांदा पाहत होते. मग त्याने वेढा खांद्यावर टाकला आणि मान खाली घालून, एकदाही मागे न बघता, बागेबाहेर चालू लागला.

तन्वीने फाईल उघडली, एक ते पाच रकान्यांकडे बघितलं आणि फाईल मिटली. डोक्यावरचं पातेलं काढायचं तिला भानच नव्हतं. मलाही नव्हतं.

फाटकाशी हरिश्चंद्र हेल्मेट सावरत उभा होता. आजही माड तसाच राहिलेला बघून त्याने कपाळ बडवलं, म्हणजे हेल्मेट बडवलं. "काय रे भोंग्या, आज पण चढलंस नाय?"

"नाय," सत्यवान म्हणाला. तो रडत होता आणि हसत होता. "आज जबाब इलो."